कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले, अजून कुणाशी बोललेले नाही

कोयनाकाठ | ६ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार. वर्षभर इथले धागे वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदाच घेतलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पाटण तालुक्यातली. बारावी तिकडेच झाली. जुलैत नेरूळच्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीला ॲडमिशन मिळाली. राहते कोपरखैरण्याला आत्याकडे. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, भाजी मार्केटला माथाडी आहेत. दोघंही माझं फार करतात.

अडचण माझी आहे. मी लहानपणापासून बुजरी. पण गावाकडे त्याचं कधी काही अडलं नाही. मी कुणाची कोण, हे एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत सगळ्यांना माहीत. स्वतःची ओळख करून द्यायची वेळच आली नाही. इथे पहिल्या दिवशी एकेकाने उभं राहून नाव, गाव, छंद इंग्रजीत सांगायचं होतं. माझा नंबर येईपर्यंत हात गार पडले होते. नाव सांगितलं आणि खाली बसले. गाव राहिलंच.

हजेरी घेताना 'येस सर' म्हणते, पण चौथ्या बाकावरून सरांपर्यंत आवाज पोचत नाही. दोनदा गैरहजेरी लागली. वर्गातच बसलेली होते. उठून सांगायचं धाडस झालं नाही.

मुलंमुली आपापसात हिंदीत बोलतात, मध्येच इंग्रजी. मला समजतं सगळं. उत्तर मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मधल्या सुट्टीत डबा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खाते, कारण कॅन्टीनला एकटीने टेबल अडवून बसायचं म्हणजे सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं.

आत्या रोज विचारते, मैत्रिणी झाल्या का गं? मी 'हो, दोघीतिघी आहेत' असं सांगून ठेवलंय. सगळ्यात जास्त टोचतंय ते हे. कधीकधी वाटतं, कराडला बदली करून घ्यावी. हे आपोआप ठीक होतं का? कुणाचं झालंय का?

---

निशिगंधा | ६ ऑगस्ट, रात्री ११:२०

इतकं सगळं नीट लिहिलंस, हेच केवढं मोठं आहे! रात्री अकरा वाजता अनोळखी माणसांना मनातलं सांगितलंस की. बदलीचा विचार आत्ता नको. वाचतेय.

---

मावळतीकर | ७ ऑगस्ट, सकाळी ७:१०

मुली, कडक बोलतोय, राग मानू नकोस. आपण होऊन बोलल्याशिवाय कुणी विचारत नाही. मी १९८४ साली जळगावहून ठाण्याला आलो तेव्हा एकही ओळखीचा माणूस नव्हता. उद्यापासून पहिल्या बाकावर बस, रोज तीन अनोळखी मुलींशी स्वतः बोल, मिळेल त्या वक्तृत्व स्पर्धेत नाव दे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. महिनाभरात फरक दिसेल.

---

कळवेकर | ७ ऑगस्ट, सकाळी ९:३५

मावळतीकर काका, आदर ठेवून असहमत. 'धीट हो' म्हटल्याने कुणी धीट होत नाही. मला असंच ढकललं होतं. अकरावीत वक्तृत्व स्पर्धेत स्टेजवर गेलो, दुसऱ्या वाक्याला अडकलो आणि पुढे दोन वर्षं हात वर केला नाही. पहिला बाक मात्र मान्य, निदान हजेरी तरी ऐकू जाईल.

कोयनाकाठ, माझं कसं झालं ते सांगतो. ठाणे-वाशी लाइन २००४ ला सुरू झाली आणि २००६ ला मी वाशीच्या कॉलेजात लागलो. कळव्याहून ठाणे, तिथून गाडी बदलून वाशी. पहिले चार महिने कॉलेजात जे काही बोललो ते कॅन्टीनवाल्याशी, तेही 'एक वडापाव'.

दिवाळीनंतर नोटीस बोर्डावर कागद लागला: एकांकिकेसाठी बॅकस्टेजला मुलं हवीत. 'बॅकस्टेज' या एका शब्दावर गेलो. तिथे माझी ओळख कुणी विचारलीच नाही. पहिलं वाक्य ऐकलं ते, "खिळे कुठायत?" मला माहीत होतं, मी दिले. दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग माझ्याकडे प्रॉपर्टी आली: एक कंदील, दोन पितळी तांबे, एक मोडकी खुर्ची. प्रयोगाच्या वेळी ब्लॅकआउट झाला की पंधरा सेकंदांत लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा लाकडी चौथरा, सरकवायची. काळोखात जमिनीवर रेडियमची बारीक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर लेव्हलचा कोपरा बसला पाहिजे. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने अजून एक मुलगा. बोलायचं नाहीच, बोललात तर प्रेक्षकांना ऐकू जातं. फक्त श्वासावरून कळायचं की आता उचलायचं. असे सत्तर-ऐंशी वेळा तालमीत आणि मग ठाण्याच्या गडकरी रंगायतनला.

तो दुसऱ्या बाजूचा मुलगा आज माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे. वडील दवाखान्यात होते तेव्हा सात रात्री तो माझ्याबरोबर खाली बाकावर झोपलाय. आमची मैत्री गप्पांतून झालीच नाही, एकत्र लेव्हल उचलून झाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: बोलायला जाऊ नकोस. काहीतरी करायला जा. मात्र एकच जागा धर, एकच वेळ आणि तीच ती माणसं. आज इकडे, उद्या तिकडे असं केलंस की प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिलाच दिवस. आपल्यासारख्यांना पहिला दिवसच जड जातो, चाळिसावा नाही.

---

शाईपेन | ७ ऑगस्ट, दुपारी ३:०५

मी नवी मुंबईतच एका कॉलेजात शिकवते, म्हणून आधी कामाचं.

गैरहजेरी हा विषय अंगावर काढू नकोस. पंचाहत्तर टक्के उपस्थिती लागते आणि तू वर्गात बसूनही ती गमावते आहेस. उद्या तास संपला की सर टेबलावरची पुस्तकं आवरत असतात, ते दोन मिनिट धर. वही हातात ठेव, वहीत आधीच एक ओळ लिहून ने: तारीख, रोल नंबर, 'मी वर्गात होते, आवाज पोचला नाही.' बोलता आलं नाही तर वही पुढे कर. मला असं वहीतून विचारणारी मुलं दर वर्षी असतात आणि एकाबद्दलही माझं मत वाईट झालेलं नाही. उलट, चौथ्या बाकावर कोण बसतं ते त्यामुळे कळतं. वर्गात ऐंशी-नव्वद मुलं असली की पहिल्या महिन्यात आम्हाला जे बोलतात तेच लक्षात राहतात. ही आमची उणीव आहे, तुझी नाही.

दुसरं: प्रॅक्टिकलची बॅच छोटी असते. वर्गात ओळख होत नसेल तर तिथे लक्ष ठेव. तिथे पार्टनर असतो आणि बोलायला विषय आयता समोर ठेवलेला असतो.

कळवेकरांनी नाटकाचं लिहिलंय ते अगदी पटलं. त्यात माझी भर म्हणजे एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना. १९६९ पासून चालू असलेली योजना आहे. वर्षाला १२० तासांचं काम, असं दोन वर्षं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात अशा सहअभ्यासक्रमाच्या कामांनाही श्रेयांक आहेत, तेव्हा अभ्यास बुडतो असंही घरी कुणी म्हणणार नाही. नाव नोंदवायला फॉर्म भरायचा असतो, मुलाखत देऊन छाप पाडायची नसते.

---

ऐरोलीची_आई | ७ ऑगस्ट, रात्री ९:४०

तुझं 'दोघीतिघी आहेत' वाचलं आणि पोटात तुटलं गं. हे तुझ्यापेक्षा तुझ्या आत्याने वाचावं असं वाटतंय.

माझा मुलगा गेल्या वर्षी एफवायला होता. तोही असाच. मी रोज संध्याकाळी दारातच विचारायची, आज कोणाशी ओळख झाली? एक दिवस म्हणाला, एक मित्र झालाय, रबाळेला राहतो, क्रिकेट खेळतो. मला इतका आनंद झाला! मग रोज त्याचीच चौकशी. त्याला बहीण आहे का, डब्यात काय आणतो. मुलगा उत्तरं द्यायचा. गणपतीत म्हटलं, त्याला आरतीला बोलाव, मी उकडीचे मोदक करते. दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी गॅसजवळ उभा राहून म्हणाला, "आई, तो नाहीये." मला आधी कळलंच नाही. वाटलं, मुलगा गावी गेला असेल. मग कळलं की असा मुलगाच नाही. माझ्या प्रश्नांसाठी त्याने तो तयार केला होता.

मोदकाची उकड तशीच राहिली. मी खाली बसले आणि खूप रडले. त्याच्यावर नाही, स्वतःवर. अठरा वर्षांच्या मुलाला मी खोटं बोलायला लावलं.

त्या दिवसापासून तो प्रश्न बंद केला. आता विचारते, आज गाडीला गर्दी होती का, डबा पुरला का, पाय दुखतात का. यांची उत्तरं खरी देता येतात. तू आत्याला सांगून टाक. आत्या आहे ती, रागावणार नाही. तिच्या मनात काळजी आहे, हिशोब नाही.

---

चकोर | ८ ऑगस्ट, सकाळी ११:१५

समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

'सगळे आपल्याकडेच बघतायत' याबद्दल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवायचे, जिथे बाकीची मुलं बसलेली असायची. नंतर त्याला विचारायचे, किती जणांनी पाहिलं असेल? अंदाज साधारण निम्म्यांचा यायचा. प्रत्यक्षात जेमतेम पाव मुलांच्या लक्षात आलेलं असायचं. जिन्यात डबा खाणारी मुलगी तुला दिवसभर डोळ्यांसमोर दिसते, कारण ती तू आहेस. बाकीचे आपापल्या डब्यात बघत असतात.

तीन आठवड्यांबद्दल. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या शहरात आलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने आलेले विद्यार्थी यांचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये आला. ओळखीचं रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, मैत्रीला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. नुसतं वर्गात शेजारी बसल्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत, एकत्र घालवलेला मोकळा वेळ लागतो. आता तूच बघ, तीन आठवड्यांत तुझे कुणाबरोबर किती तास झाले असतील? मैत्री झाली नाही हा निकाल लावायला अजून पुरेसा वेळच गेलेला नाही. कळवेकरांच्या तालमींचा हिशोब इथे बरोबर बसतो.

आता एक गंभीर गोष्ट. बुजरेपणा हा स्वभाव आहे, आजार नाही. पण भीतीने कॉलेजलाच जायचं टाळणं, आदल्या रात्री झोप न येणं, उलटी होणं, छातीत धडधडणं, परीक्षा सोडून देणं हे महिनोन्महिने चालू राहिलं तर त्याला सामाजिक चिंतेचा विकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' हे वाक्य लोक सहज फेकतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आजारी माणसांना बरं करतंय आणि त्या एका टोमण्यामुळे कितीतरी मुलं मदत मागायला घाबरतात. कुणी तसं म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. तुझ्या लिहिण्यावरून तुला आज उपचार हवेत असं मला वाटत नाही, पण नंबर फोनमध्ये असू दे.

---

मावळतीकर | ८ ऑगस्ट, दुपारी १२:३०

ऐरोलीच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी माझ्या मुलीलाही असंच ढकलत आलो. आज तिला फोन करतो. वक्तृत्वाचं माझं म्हणणं मागे घेतो. पहिल्या बाकाचं ठेवतो.

---

कोयनाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री १०:१५

सगळ्यांचे खूप आभार. प्रत्येक प्रतिसाद तीन-चार वेळा वाचला.

शाईपेन मॅडम, आज वही दाखवली. हात थरथरत होता. सरांनी वाचलं, हजेरीपट काढला, दोन्ही दिवस दुरुस्त केले आणि "पुढे बसत जा" म्हणाले. एवढंच. या एवढ्याशासाठी मी दहा दिवस झोपले नव्हते.

आत्याला अजून सांगितलं नाही. एनएसएसचा फॉर्म आणलाय.

---

घणसोली_सेक्टर | ९ ऑगस्ट, सकाळी ८:००

मी पण एफवायला, मी पण असाच. एक गोष्ट मला जमली ती सांगतो. रोज तीच गाडी, तोच डबा, त्याच दाराजवळ उभं राहायचं. चौथ्या आठवड्यात एका काकांनी माझी बॅग मांडीवर घेतली, न विचारता. आता ते मी नसलो की दुसऱ्या दिवशी विचारतात, काल दिसला नाहीस. कुणीतरी आपली गैरहजेरी धरतंय याचं फार बरं वाटतं.

---

कोयनाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. कळवायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्ही इतकं लिहिलंत म्हणून.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझी पार्टनर उलव्याची आहे. पहिले पाच आठवडे आम्ही फक्त 'ये लो', 'वो दो' एवढंच बोललो. मग टायट्रेशन आलं. ब्युरेटची, म्हणजे थेंब सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी तिच्याकडे, खाली फ्लास्क फिरवायचं काम माझ्याकडे. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिन हे रंग दाखवणारं रसायन घातलं की थेंब पडतो तिथे गुलाबी दिसतं आणि फिरवलं की जातं. एक वेळ अशी येते की गुलाबी जात नाही, अगदी फिकट, अबोलीच्या पाकळीपेक्षाही फिकट राहतं. तिथेच थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गडद होतं आणि सगळं पुन्हा. आमचं दोनदा गडद झालं होतं, वेळ संपत आली होती. तिसऱ्यांदा मी फ्लास्कखालच्या पांढऱ्या फरशीकडे डोळे लावून बसले होते. रंग राहिला तशी मी ओरडले, "थांब!"

मराठीत, मोठ्याने. सगळी लॅब वळली. तिने तोटी बंद केली. रीडिंग बरोबर आलं. आणि ती मराठीतच म्हणाली, "अगं, तुझा आवाज केवढा मोठा आहे!" ती आगरी आहे, घरी मराठीच बोलतात. दोन महिने आम्ही एकमेकींशी मोडक्या हिंदीत बोलत होतो.

त्या दिवसापासून डबा ती, मी आणि तिची शाळेतली एक मैत्रीण असा तिघी खातो. कॅन्टीनला नाही, लॅबच्या बाहेरच्या कट्ट्यावर. मी अजून फारसं बोलत नाही. त्यांना चालतं.

आत्याला सांगितलं, गौरी आवाहनाच्या दिवशी. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. खऱ्या मैत्रिणींची नावं असतात, तू एकदाही नाव घेतलं नव्हतंस." मग स्वतःचं सांगत बसली. लग्न होऊन इथे आली तेव्हा वर्षभर खालच्या नळावर कुणाशी बोलली नव्हती. रात्री साडेबाराला मामा उठले तेव्हा आमचं बोलणं थांबलं.

---

ऐरोलीची_आई | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

नावाचं तुझ्या आत्याने जे म्हटलं ते मला सुचायला हवं होतं गं. माझ्या मुलाने त्या मुलालाही कधी नाव दिलं नव्हतं.

---

शाईपेन | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

हे स्टाफरूममध्ये वाचून दाखवू का? तुझा आयडी सांगणार नाही. आणि जर्नल वेळेवर सर्टिफाय करून घे, सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यांची झुंबड उडते.

---

कोयनाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

दाखवा मॅडम. जर्नलवर सही झाली.

---

कळवेकर | २ जानेवारी, रात्री ८:४५

कोयनाकाठ, शिबिराला गेलीस का? विचारायचं राहिलं होतं.

---

कोयनाकाठ | ४ जानेवारी, रात्री १०:३०

गेले होते, कालच आले. कर्जतच्या बाजूला एका गावात होतं. ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि रांगेत उभं राहून हातोहात पुढे द्यायच्या. तुम्ही लेव्हलचं लिहिलं होतं ना, तसंच. डावीकडून गोणी येते, उजवीकडे द्यायची. दोन तास कुणी काही बोललं नाही तरी वाईट वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डावीकडची मुलगी म्हणाली, तू गोणी अशी कमरेवर घेतेस, दमत नाहीस का? मी दाखवलं कशी घ्यायची. मग तिने पुढच्या मुलीला दाखवलं. संध्याकाळपर्यंत अर्धी रांग तशीच घेत होती.

शेवटच्या रात्री शेकोटीजवळ प्रत्येकाने चार वाक्यं बोलायची होती. मी दोनच बोलले. नाव सांगितलं. गाव सांगितलं.

आता एक मदत हवी आहे. संक्रांतीला पाच जणी घरी येणार आहेत आणि आत्याचं घर वन रूम किचन. मामा दुपारी झोपतात, पहाटे मार्केटला जायचं असतं. त्यांची झोपमोड न होता पाच जणींना तीळगूळ आणि काहीतरी पोटभर असं काय करता येईल? आत्या म्हणते गुळाच्या पोळ्या, पण त्या मला लाटता येत नाहीत. कुणी नीट सांगेल का?